लाखावर तीन वाती

माझी बायको गेली तेव्हा घरात एक लाख वाती होत्या. माजघराच्या भिंतीला लागून पाट्यांवर पाट्या, पाट्यांत शंभर-शंभर वातींच्या जुड्या, आणि एकूण एक जुडी तिच्याच जुन्या लुगड्याच्या दोऱ्यानं बांधलेली. शेवटच्या जुडीची गाठ मारून तिनं दोरा दातानं तोडला आणि त्याच आठवड्यात तिला ताप भरला. वाती लावायच्या राहिल्या. समाचाराला येणारी माणसं बोलायची माझ्याशी आणि बघायची पाट्यांकडे. मी रडत होतो, आंधळा झालो नव्हतो.

मी माळी. नारायण पेठेच्या खालच्या अंगाला, नदीकडं, आमचा मळा. निम्मं आयुष्य स्वतःच्या भाजीत गेलं, निम्मं सरकारी बागेत. पंतोजींकडे दहाचा पाढा पुरा झाला, त्याच दिवशी बापानं कानाला धरून मोटेवर नेलं, म्हणजे माझं शिकणं तिथंच आटोपलं. मोडी अक्षर कसंबसं काढतो. बोलतो तसं लिहितो. ज्याला यातलं शुद्ध-अशुद्ध बघायचं असेल त्यानं आपलं घर झाडावं.

आम्हाला मूल नव्हतं. हे सांगायला नको खरं तर, पेठेत सगळ्यांना पाठ आहे. लग्न झाल्यापासून बायका तिला व्रतं सांगत आल्या. हा उपास धर, त्या पिंपळाला फेऱ्या घाल, अमक्या देवीला खण-नारळ बोल. तिनं एकही केलं नाही. म्हणायची, ‘देवाला ठाऊक नाही का मला काय हवं? आणि ठाऊक असून देत नसेल, तर मी त्याच्या दारात रोज उभी राहून काय करू? मी काय उमेदवार आहे?’ त्यावर बायका कानाला हात लावायच्या. ती भाकऱ्या थापत राहायची.

आणि अशी बाई, केस पांढरे झाल्यावर, एके दिवशी कापूस घेऊन बसली. मी विचारलं, हे काय. म्हणाली, लाख वाती वळायच्या आहेत. मला हसू आलं. म्हटलं, अगं, आता काय मागायचं राहिलंय?

‘काही नाही,’ ती म्हणाली. ‘मागायचं संपलं म्हणून तर बसले. आता दिलं तर नुसतं दिलं असं होईल.’

संकल्प सांगायला भटजी आले. आमच्या पेठेतले जुने भटजी, माझ्यापेक्षा चार-पाच वर्षांनी लहान, हिशेबाला पक्के, जिभेला तिखट. त्यांनी विचारलं, काय इच्छा धरून करता? ती म्हणाली, कसलीच नाही. भटजी म्हणाले, मंत्रात तिथं काहीतरी म्हणावं लागतं. ती म्हणाली, मग तेवढी जागा रिकामी सोडा आणि पुढं म्हणा. भटजींनी माझ्याकडे पाहिलं. मी मोटेकडे पाहिलं.

तिला विसाच्या पुढं मोजता येत नव्हतं. बाजारातल्या बायका मोजतात तशी विसांनी मोजायची. पाच विसा झाल्या की शंभर, जुडी बांधायची. अशा हजार जुड्या. तळहाताला राख लावून वात वळायची, मांडीवर एक फडकं. मी कधी मदतीला बसलो तर माझ्या हातातला कापूस काढून घ्यायची. व्रताची वात तिच्या हातचीच हवी, आणि शिवाय माझी वात म्हणजे सुतळी. दोन्ही खरं होतं.

ती गेली अहेव. म्हणजे माझ्या आधी, कुंकवासकट. बायकांत याचं फार. अहेव बाईचं काहीही मिळालं तर घरात ठेवतात, तिच्या हळदीकुंकवाची पुडीसुद्धा. मग लाख वातींचं काय सांगावं.

दिवसकार्य उरकलं आणि वहिनी पुढं झाली. वहिनी म्हणजे माझ्या थोरल्या भावाची बायको. भाऊ जाऊन बरीच वर्षं झाली, पण घरावर तिचा शब्द चालतो, माझ्याही. बाई वाईट नाही. तिला पाच सुना, धाकटी सोडली तर सगळ्या लेकुरवाळ्या. ती चार माणसांत म्हणाली, ‘भावजी, तुमच्याकडून त्या वाती लागायच्या नाहीत. माझ्या पाच सुना आहेत, पाच घरांत लागू देत. पोराबाळांची घरं आहेत. तिचा आत्मा थंड होईल.’

मी भटजींकडे पाहिलं. ते म्हणाले, उद्यापनाला जोडीनं बसावं लागतं. तुमच्या शेजारी आता कोण बसणार? लावल्याशिवाय ठेवल्या तर व्रत अर्धं राहतं, ते बरं नाही. सुवासिनींनी वाटून घ्याव्यात हे ठीक. मात्र वाटणी सारखी हवी. कुणाला एक जास्त, कुणाला एक कमी, असं नको. एकही वात तोडायची नाही आणि एकही उरता कामा नये. एक जरी उरली तरी व्रत उरलं.

माझं डोकं ठिकाणावर नव्हतं. मी म्हटलं, ‘सारखी वाटणी होत असेल तर न्या.’ चार माणसांनी ऐकलं. आमच्यात चार माणसांत बोललेलं मागं घेता येत नाही. घेतलं तर पुन्हा चार माणसांत बसता येत नाही.

मग वहिनी चुलीपाशी बसून पुढचं बोलू लागली, आणि तिथं माझं डोकं ठिकाणावर आलं. दुसरीला दोन मुलीच आहेत, तिनं मुलगा मागावा. चौथीच्या नवऱ्याला सरकारात चाकरी हवी, तिनं ते मागावं. धाकटीला दिवस जात नाहीत, तिनं तर लावायच्या आधीच पदर पसरावा. जिनं जन्मात काही मागितलं नाही तिच्या वातींवर पाच घरं मागायला बसणार होती. मला ते सहन होईना. त्या वाती लागल्या पाहिजेत हे मलाही कळत होतं. पण लागतील तर तिच्या म्हणून लागतील, कशाच्या बदल्यात म्हणून नाही. एवढंच मला हवं होतं, आणि तोंडातून शब्द तर जाऊन बसला होता.

लाखाला पाचांत वाटणं काय अवघड आहे? वीस वीस हजार. लाख हा आकडाच मुळी लाचार. दोघं या, चौघं या, पाच, आठ, दहा, सोळा, वीस, जो येईल त्याच्यापुढं वाकतो. श्रीमंतांच्या वाड्यावरच्या काही माणसांसारखा. मला त्या आकड्याचाच राग आला.

आता बागेतली एक गोष्ट सांगावी लागेल, नाहीतर पुढचं कळायचं नाही. रोपं लावायची ती ओळीत. बारा रोपं असली की चार-चारांच्या तीन ओळी, नाहीतर सहा-सहाच्या दोन. चौकट जमते. पण तेरा असली की काही केल्या जमत नाही. एक सरळ रांग लावा, नाहीतर एक बाहेर उभं राहतं. एकदा बागेच्या दरोग्यानं मला सदतीस संत्र्यांची कलमं दिली आणि म्हणाला, चौकटीत लाव, एक इकडंतिकडं दिसता कामा नये. मी म्हटलं, छत्तीस द्या नाहीतर अडतीस द्या. तो म्हणाला, सरकारी कलमं आहेत, सदतीसच लागली पाहिजेत. मी छत्तीस चौकटीत लावली आणि सदतिसावं त्याच्या कचेरीच्या दारात. अशा आकड्यांना आम्ही माळी लोक आडमुठे म्हणतो. ते कुणाच्या ओळीत उभे राहत नाहीत.

तेव्हा मला आडमुठा आकडा हवा होता.

आहेर करताना कुणी कोरे शंभर देत नाही, वर एक घालतात. शेवटी शून्य नको, म्हणून शकुनाचा एक. आमच्या घरात लाखोलीवरही एक घालायची रीत आहे, आणि ती घरधन्यानं घालायची. तिच्या आजारात ते राहून गेलं होतं. मी हाताला राख लावली आणि एक वात वळली. अंगठ्याएवढी जाड झाली. झाली तर झाली. एक लाख एक.

वहिनी पाच सुना आणि पाच पाट्या घेऊन आली. भटजी धुळपाटी घेऊन आले. मी म्हटलं, आधी मोजा, वर शकुनाची एक आहे. भटजींनी ती वात उचलून उजेडात धरली. वहिनी म्हणाली, ‘ही वात आहे होय? मला वाटलं बैल बांधायचं दावं.’

पण रीत ती रीत. भटजी म्हणाले, बरोबर आहे, घ्यावीच लागेल. आणि पाचांनी भाग घातला तर एक उरली. वहिनी म्हणाली, मग चौघींना द्या, धाकटीला मी माझ्याकडचं काही देईन. चारांनीही एकच उरली. तिघींत दोन उरल्या. वहिनीनं हार मानली नाही, माणसं वाढवली. तिची लेक धरून सहा, लेकीची जाऊ धरून सात, मग माहेरच्या भाच्या. आठ, नऊ, दहा. दर वेळी भटजी धूळ पुसायचे, बोट फिरवायचे आणि मान हलवायचे. मी ओटीवर पाय पसरून बसलो. बायको गेल्यापासून पहिल्यांदा मला भूक लागली.

मला वाटलं, जिंकलो. दहापर्यंत बधला नाही तो आता कुणालाच बधणार नाही. माझे पाढे दहाला संपले होते, आणि जगाचेही तिथंच संपत असणार असं मी धरून चाललो होतो.

भटजी अजून पाटीवर वाकलेले होते. मग त्यांनी बोटाची धूळ झटकली आणि म्हणाले, ‘अकरांनी जातो. प्रत्येकी नऊ हजार एक्याण्णव. बाकी काही नाही.’

मी म्हटलं, पुन्हा करा. त्यांनी पुन्हा केलं. पुन्हा गेला. वर म्हणाले, अकरा रुद्र, अकरा सुवासिनी, आकडा फार चांगला पडला. वहिनीनं पदर खोचला. अकरावी बाई शोधायला पुण्यात किती वेळ लागतो? ती जाता जाता म्हणाली, येत्या सोमवारी येतो, पाट्या झाडून ठेवा.

त्या दोन-तीन दिवसांत मी खाल्लं काय, प्यालो काय, आठवत नाही. एवढं आठवतं की लाखावर दोन केल्या तर तो जोड होतो, दोघींतच वाटला जाईल, म्हणून तो आकडा मी सोडून दिला. लाखावर तीन. त्याचं काय होतं ते मला करता येत नव्हतं. तीनांनी जात नाही एवढं कळलं, कारण लाखाच्या वाटणीत एक उरते आणि वरच्या तिन्ही तीन घरांत जातात. पाचांनी जात नाही हेही उघड. पुढं अंधार. मी आणखी दोन वाती वळल्या. त्याही जाड.

सोमवारी अंगणात अकरा बायका नथी घालून उभ्या. मी सगळ्यांदेखत त्या दोन वाती वर ठेवल्या.

वहिनी म्हणाली, ‘हे काय आता?’

‘शकुनाच्या. एक तिच्या नावाची, एक माझ्या, एक या घराच्या.’

‘तीन तिगाडा काम बिगाडा, भावजी.’

‘बिघडवायचंच आहे, वहिनी.’

अकरांत वाटून दोन उरल्या. नथी घातलेल्या बायका उन्हातून परत गेल्या, आणि जाताना काय काय म्हणाल्या ते मी ऐकलं नाही असं नाही. वहिनी मात्र बसली. तिनं भटजींना सांगितलं, हा आकडा फुटेपर्यंत तुम्ही पाटी सोडायची नाही. तेविसांनी फुटो की शंभरांनी, तेवढ्या सुवासिनी मी उभ्या करीन. पुण्यात बायकांना तोटा नाही. भटजींनी मला बजावलं, की आता वात एकही वाढणार नाही. आणखी एक जरी वर ठेवलीत तरी मी यातून अंग काढीन आणि वाती सरळ वहिनींकडे जातील. मी कबूल झालो. म्हणजे आता सगळं त्या एका आकड्यावर. फुटला तर गेल्या.

मग रोज दुपारी भटजी यायचे. जेवण झालं की ओटीवर पाटी मांडायची. मी पलीकडे बसून कांद्याचं बी निवडायचो. एक एक आकडा घ्यायचा आणि लाखावर तीनला त्यानं भाग घालायचा. सात घेतले, एक उरली. तेरा घेतले, सात उरल्या. सतरा घेतले, नऊ. पहिल्यांदा मी म्हटलं, आता चौदा, पंधरा का नाही? भटजी म्हणाले, अहो, जो दोनाला बधला नाही तो चौदाला कसा बधेल? चौदा बायका म्हणजे सातांच्या दोन रांगा. एक रांग बसली नाही तर दोन कुठून बसणार? ते मला लगेच कळलं. ओळींची भाषा होती. म्हणजे आडमुठ्या आकड्याला आडमुठेच आकडे लावून बघायचे. बाकीच्यांना हात लावायचं कारण नाही.

मलाही एक सुचलं, आणि मी मोठ्या तोऱ्यात सांगितलं. चार ओळींत सहा रोपं लावली काय आणि सहा ओळींत चार लावली काय, वाफा एकच, नुसतं उभं राहायची बाजू बदलली. म्हणजे ओळी वाढवत वाढवत जिथं ओळी आणि ओळीतली रोपं सारखी होतात, तिथपर्यंतच बघायचं. पुढं बघणं म्हणजे तोच वाफा उलट्या बाजूनं बघणं. भटजींनी पाटीवरून मानही वर केली नाही. ‘ते मला लहानपणापासून ठाऊक आहे,’ म्हणाले. ‘तीनशे सोळापर्यंत जायचं आहे. तुम्ही बी निवडा.’

तीनशे सोळा. तिथवर पोचायचं होतं.

तेविसाला माझा जीव गेला होता. भटजी भाग घालता घालता थांबले, पुन्हा केलं, म्हणाले, एक कमी पडते. आणखी एक वात असती तर तेविसांत बरोबर बसला असता. वहिनी नेमकी त्या दिवशी आलेली. तिनं कापसाच्या पेळूकडे हात केला. म्हणाली, ‘एवढंच ना? मी वळते.’ मी उठून तिच्यात आणि पाट्यांत उभा राहिलो. सत्तरीचा मी, पंचाहत्तरीची ती, आणि मध्ये कापूस. भटजी म्हणाले, बाई, शकुनाची वात घरधन्याच्या हातची लागते, आणि त्यांच्या वाती मी बंद केल्या आहेत. वहिनीनं पेळू खाली ठेवला. तेव्हापासून मी पाट्यांवर घोंगडी घालून ठेवू लागलो. तिच्यावर विश्वास नव्हता असं नाही. तिच्या हातावर नव्हता.

एक्केचाळिसाला चार उरल्या. शंभराच्या पुढं गेलो तसे भटजी सावकाश झाले. एकेक भाग लांबायचा, चुकायचा, पुन्हा व्हायचा. मी पाणी द्यायचो. हौदाला कात्रजचं पाणी येतं ते थंड असतं, भटजींना तेच लागायचं, आमच्या विहिरीचं नाही. मध्येच ते तिच्याबद्दल बोलायचे. एकदा म्हणाले, ‘मंत्रात जागा रिकामी सोडा म्हणणारी बाई मी दुसरी पाहिली नाही. मी ती जागा खरंच रिकामी सोडली होती, बरं का. घरी गेल्यावर वाटलं, पाप तर नाही ना झालं?’ मी म्हटलं, झालं असेल तर तिच्या नावावर जाईल, तुमच्या नाही. ते म्हणाले, तिच्या नावावर गेलं तर देवच गडबडेल.

ती गेल्यावर तिच्याबद्दल कुणी धड बोलत नव्हतं. सगळे चांगलं बोलायचे. चांगलं बोलणं म्हणजे ती नव्हे. एवढे दिवस भाग घालत बसल्यावर भटजी मात्र ती होती तशी बोलले, आणि मी बी निवडायचं सोडून नदीकडे तोंड करून बसलो.

पुढच्या आकड्यांत मला भीती वाटेनाशी झाली. खोटं कशाला सांगू, वाटत होती. दोनशे एकाहत्तरालाही चारच उरल्या, तेव्हा मी उठून अंगणात फेरी मारून आलो. आकडा फुटायला एकच आकडा पुरतो. आणि फुटला की वहिनी तेवढ्या बायका आणणारच होती, दोनशे असोत की तीनशे. त्या बाईनं सबंध पेठ नथी घालून उभी केली असती.

शेवटचा आकडा तीनशे तेरा. त्याच्या पुढचा आडमुठा तीनशे सतरा, तो हद्दीबाहेर. वहिनी हजर होती, धाकटी सून तिच्याबरोबर. भटजींनी भाग घातला. उलटा करून पाहिला. ‘एकशे छप्पन्न उरल्या,’ म्हणाले, आणि पाटी पालथी घातली.

वहिनी म्हणाली, म्हणजे?

भटजींनी सांगितलं, की या आकड्याच्या सारख्या वाटण्या दोनच होतात. सगळ्या वाती एका घरी, नाहीतर घरटी एक वात अशी एक लाख तीन घरं. मधलं काही नाही. वहिनीनं विचारलं, एवढी घरं पुण्यात आहेत का? भटजी म्हणाले, श्रावणात वाड्यावर दक्षिणा घ्यायला सगळा देश लोटला तरी होणार नाहीत.

‘मग एका घरी,’ वहिनी म्हणाली. ‘माझ्या.’

मी म्हटलं, ‘सारखी वाटणी होत असेल तर न्या, असं मी बोललो होतो. एकीनं सगळं नेणं याला वाटणी म्हणत नाहीत, वहिनी. याला उचलून नेणं म्हणतात.’

ती चिडली नाही. तिनं भटजींकडे तोंड वळवलं. राहू देत त्यांच्याकडे, म्हणाली, पण लावणार कोण? उद्यापनाला जोडी लागते असं तुम्हीच सांगितलंत. आता या घरात जोडी कुठली? वाती उंदीर खातील आणि माझी जाऊ अधांतरी राहील. हे बोलताना तिचा आवाज हलला. तेव्हा मला कळलं की तिलाही ती हवी होती. तिच्या पद्धतीनं हवी होती एवढंच.

पण मी तेवढ्यावर विरघळणारा नाही. मी भटजींना विचारलं, जोडी कशाला लागते? म्हणाले, संकल्पाला. संकल्प कशाचा? जे मागितलं त्याचा. मी म्हटलं, तिनं मागितलं काय होतं? भटजींनी पालथी पाटी उचलून झाडायला घेतली.

मी म्हटलं, ‘काही मागितलंच नाही तर संकल्प कसला? संकल्प नाही तर उद्यापन नाही, उद्यापन नाही तर जोडी नको आणि तुम्हीही नको. नुसत्या लावायच्या. त्याला माझे दोन हात पुरतात.’

‘हे शास्त्रात बसत नाही,’ भटजी म्हणाले.

‘तो आकडा तरी कशात बसला?’

भटजींनी पाटी बगलेत घेतली. दारात चपला घालताना म्हणाले, मी येणार नाही. मी म्हटलं, बोलावलं कुणी? ते दोन पावलं गेले आणि मागं न बघता म्हणाले, ‘वारा बघून लावा. गवत वाळलंय.’

मी दुसऱ्याच दिवशी लावल्या. शेजारच्या मळ्यातून गुळाची मोठी काहील आणली, करडईचं तेल आणलं, आणि भर दुपारी, ऊन डोक्यावर असताना, अंगणाच्या मध्ये काहील ठेवली. लोक कुंपणापाशी जमले. कुणी म्हणालं, अहो, वाती संध्याकाळी लावतात, दुपारी दिवे कुणाला दिसणार? मी म्हटलं, दाखवायच्या कुणाला आहेत? उजेड हवा असतो त्यानं संध्याकाळी लावाव्यात. तिला उजेडसुद्धा नको होता.

एक एक जुडी सोडायची, दोरा बाजूला ठेवायचा, वाती तेलात बुडवायच्या आणि आत सोडायच्या. दोरे मी जाळले नाहीत. ते व्रताचे नव्हते, तिच्या लुगड्याचे होते. उन्हात ज्योत दिसत नाही, नुसती हवा थरथरते आणि धग लागते. भुवया जळाल्या माझ्या. कुणीतरी म्हणालं, म्हाताऱ्याच्या डोक्यावर परिणाम झालाय. असेल. लाख वाती लाचार आकड्यासारख्या घरोघर वाकायला गेल्या नाहीत, एवढं त्या परिणामानं झालं.

उन्हं कलली तेव्हा वहिनी आली. कुंपणाबाहेर उभी राहिली, धाकट्या सुनेचा हात धरून. मग धाकटी आपण होऊन आत आली, काहिलीपाशी थांबली आणि तिनं हात जोडले. तिचे ओठ हलायला लागले.

वहिनी कुंपणापलीकडून म्हणाली, ‘काही मागू नकोस गं. तो म्हातारा वसकन अंगावर येईल.’

पोरीचे ओठ मिटले. हात तसेच राहिले. मी तिला थोडं मागं सरायला सांगितलं, वाऱ्याची दिशा बदलत होती, आणि पुढची जुडी सोडायला घेतली.